मोठ्या वॉर्डातला रिकामा पलंग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय नीळकंठराव. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती डॉक्टर गुणाकर पातूरकरसाहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या अलकनंदावहिनी. मंचावर असलेले मशिदीचे हाफिजजी आणि मिशनचे पाद्रीसाहेब. समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या भजन मंडळातल्या माझ्या साऱ्या बाया, आणि बालाघाटच्या बंधुभगिनींनो,

"मी गरीब नाही, मी बिमार आहो."

हे वाक्य मी सत्तावन सालच्या पौषात ऐकलं. म्हणणाऱ्या बाईचं नाव मैनाबाई. गाव लामत्याच्या पलीकडचं. दवाखान्याच्या खिडकीशी ती उभी होती, अंगात ताप, दम लागलेला, लुगड्याला धरून एक लहान मुलगी. खिडकीतल्या माणसानं गरिबीचा दाखला मागितला, पटवाऱ्याच्या सहीचा. दाखला असेल तर मोठ्या वॉर्डात फुकट पलंग, नसेल तर पैसे भरून खोली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हे वाक्य बोलली. भांडून नाही. समोरच्या माणसाची काहीतरी चूक होते आहे आणि आपण ती दुरुस्त करायला हवी, अशा समजूतदार आवाजात.

अध्यक्षमहाराज, आपण मला सकाळी निरोप पाठवला होता, "उमाबाई, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला." मी गोडच बोलणार होते. तीन दिवसांपूर्वी लिहून ठेवलेलं भाषण घरी पेटीत आहे, त्यात डॉक्टरसाहेबांना चंदनाची उपमा दिली आहे. पण परवा दुपारच्या छोट्या गाडीनं मैनाबाई बालाघाटला उतरली. तेव्हा लुगड्याला धरून उभी होती ती मुलगी, दुर्गा, आता वीस वर्षांची आहे. सातवा महिना संपत आला आहे. पाय सुजलेत, तोंड सुजलंय, डोकं सारखं ठणकतं आणि कालपासून तिला समोरचं अंधूक दिसतं. मायलेकी या घटकेला देवळाच्या धर्मशाळेत आहेत, इथून चार घरं सोडून. मिशनच्या नर्सबाईंनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला आजच्या आज दवाखान्यात निजवा, कळा सुरू होईपर्यंत थांबू नका.

आणि दाखला नाही.

मैनाबाई काल मला म्हणाली, "बाई, तवा मी मोठ्या तोऱ्यात बोललो. आता मी गरीब आहो म्हणतो. शंभर खेपा म्हणतो. आता तरी घ्या म्हणा माझ्या पोरीले." पण नुसतं म्हणून भागत नाही. गरीब असायला दोन एकरांच्या आत जमीन लागते. हिची अडीच आहे. अर्ध्या एकरानं ती श्रीमंत ठरली. शिवाय पटवारी कसल्याशा शिक्षणवर्गाला गेला आहे तो गुरुवारी परत येणार. तुम्ही म्हणाल, मग पैसे भरा. आम्ही तयार होतो. पण पैसे भरून राहायच्या खोल्या दोन, आणि दोन्ही भरलेल्या. मोठ्या वॉर्डात मी स्वतः जाऊन पाहिलं. सहा पलंग रिकामे आहेत. चादरी घातलेल्या आहेत त्यांच्यावर.

असो. निरोपाच्या सभेत हे बोलू नये, मला कळतं. मी डॉक्टरसाहेबांबद्दलच बोलणार आहे. पण ते ज्या घरात पाहुणे म्हणून आले त्या घराची थोडी हकीगत सांगितल्याशिवाय पाहुण्याचे गुण कसे सांगू?

सत्तावन साली मी त्या खिडकीशी दुसऱ्या रांगेत उभी होते. माझ्या हातात यजमानांच्या कचेरीचं पत्र होतं. सरकारी नोकराच्या कुटुंबाला औषधपाणी सरकारकडून, तेव्हा मला गरीबही म्हणवून घ्यावं लागलं नाही आणि पैसेही काढावे लागले नाहीत. माझ्या मुलाचा कान दुखत होता. पाच मिनिटांत थेंब मिळाले. बाहेर आले तर मैनाबाई पायरीवर बसून धापा टाकत होती. मी तिला विचारलं, कुठं जाणार? म्हणाली, "घरी. इथं आमचं काम नाही." मी माझ्या मुलाचा कान पदरानं झाकला आणि निघून आले. त्या दिवशी मी एवढंच केलं. ती वाचली, आपल्या अंगच्या बळावर वाचली. मला मात्र ती पायरी पुष्कळ वर्षं पुरली.

शेवटी बासष्ट साली एका शुक्रवारी भजन झाल्यावर मी बायांना हे सांगितलं. वाटलं होतं, चुकचुकतील आणि प्रसाद घेऊन घरी जातील. पण आमच्या गोदाबाई, मंडळातल्या सर्वांत वडील, त्या टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "देवळात येतानी कोणी कागद मागते का? मंग दवाखान्यात काहून मागते?" तिथून सुरुवात झाली. मग कळलं की मशिदीतही हेच बोलणं चालू आहे, कारण एका विणकराच्या बायकोला असंच परत पाठवलं होतं. पाद्रीसाहेबांच्या छोट्या, बिनपलंगाच्या दवाखान्यात तर परत पाठवलेली माणसंच येत. एका रविवारी आम्ही सारे प्रथमच एका ओसरीवर बसलो. कोणी कुठं बसायचं आणि चहा कोणाच्या घरचा, यातच पहिला तास गेला. शेवटी हाफिजजी म्हणाले, "बहनजी, आप देवी से कहिए, हम अल्लाह से कहते हैं, पादरी साहब अपने यीशु से कहें. लेकिन भोपाल को खबर तो डाक से ही जाएगी."

हाफिजजी, आपण हसताय, पण त्या वाक्यानंच समिती झाली.

अर्जात आम्ही फार काही मागितलं नव्हतं. आजारी माणसाला दारात त्याची जमीन, जात, धर्म विचारू नये. आधी आत घ्यावं. ज्याला झेपेल त्यानं धानकापणीनंतर वर्षाचं थोडं काही सरकारात द्यावं, ज्याला झेपणार नाही त्यानं देऊ नये, पण औषध सगळ्यांना एकाच खिडकीतून मिळावं. बस. पूर्वी असले अर्ज नागपूरला जात, तिथं निदान कोणाचा तरी भाचा-पुतण्या कचेरीत असे. आता भोपाळ. तिथं आमचं कोणी नाही. अर्ज हिंदीत लिहायचा, म्हणून मी मराठीत सांगायची आणि हाफिजजी हिंदीत लिहायचे. हट्टा गावी भजनाला गेलो की भजनानंतर अंगठे. लांजीच्या बाजारात अंगठे. जुम्म्याच्या नमाजानंतर, रविवारच्या प्रार्थनेनंतर अंगठे. पाद्रीसाहेबांची शाईची गादी इतकी फिरली की सुकून गेली. दोन वर्षांत एवढा गठ्ठा झाला.

आता जे सांगते ते या मंचावरून कधी कोणी बोललं नाही, कारण त्यात मी आहे.

चौसष्ट सालच्या नवरात्रात गोदाबाईंच्या घरी घट बसायचे होते. दसऱ्यानंतर एक उपमंत्री येणार, अर्ज त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलेलं. गोदाबाई म्हणाल्या, "एवढ्या लोकायचे अंगठे आहेत, नऊ दिवस देवीच्या पायाशी राहू दे." सगळ्यांना पटलं. हाफिजजींनाही पटलं, पाद्रीसाहेबांनाही. मी स्वतः तो गठ्ठा तांबड्या फडक्यात बांधला आणि पत्रावळीखाली ठेवला. वर माती, मातीत गहू, त्यावर घट. फार समाधान वाटलं होतं मला.

सहाव्या माळेला दुपारी हाफिजजी धावत आले. उपमंत्र्यांचा दौरा बदलला. ते उद्या सकाळीच येताहेत, तासभर विश्रामगृहावर थांबतील आणि पुढं जातील.

घट बसलेला हलवत नाहीत. दशमीच्या आत हलवला तर घराला बाधतं, हे आपण सारे जाणतो. मी गोदाबाईंना म्हटलं, "आजी, एका बाजूनं जरा उचलू, मी अलगद काढून घेईन." त्या देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. "उमा, तुले समजते का नाही? घरात सून बाळंतपणाले टेकली आहे. उद्या काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? तुया मंत्र्याच्या?"

मी हाफिजजींकडे पाहिलं. ते उंबऱ्याबाहेर उभे होते. म्हणाले, "रहने दीजिए बहनजी. मेरे घर में कोई कुरान शरीफ के नीचे रखी चीज खींचे, तो मैं भी नहीं मानूंगा."

त्या वेळी मी समितीची सचिव होते. मी हट्ट धरला असता तर कदाचित गोदाबाई बाजूला झाल्या असत्या. पण सुनेचं पोट मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना शिकवते, आणि मलाही भीती वाटली. आम्ही दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी गेलो. उपमंत्र्यांनी सगळं ऐकून घेतलं. फार चांगला माणूस होता. शेवटी म्हणाले, "आपकी बात सही है. लिखित में दे दीजिए."

लिहून द्या म्हणाले.

दशमीला घट हलवला तेव्हा रोजचं पाणी झिरपून गठ्ठा भिजला होता. गव्हाची मुळं फडक्यातून आत गेली होती, कागदांतून आरपार. सगळे अंगठे विरघळून एक निळा डाग झाला होता. त्यात हट्ट्याचा अंगठा कोणता आणि लांजीचा कोणता, देवीलाच ठाऊक. गोदाबाई म्हणाल्या, "मी पुन्हा सगळ्या गावी जातो. मायी चूक आहे." त्या वेळी त्यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं, आणि त्या गेल्या. आम्ही पुन्हा अंगठे घेतले, टपालानं पाठवले. उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. चार वर्षं झाली, ते अजून विचाराधीनच आहे. मी कोणाला दोष देत नाही. गोदाबाईंची सून सुखरूप सुटली, त्याचाही मला आनंद आहे. पण कधी भाकरी थापताना मनात येतं की त्या दिवशी मी घट उचलला असता तर? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित परवा दुर्गाला कोणी काही विचारलं नसतं.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ काढलं आहे. आता डॉक्टरसाहेबांकडेच येते.

डॉक्टरसाहेब, आपण आलात ते पासष्ट साली. पहिल्याच महिन्यात आपण भजनाला येऊन मागं बसलात आणि तासभर चुकीच्या ठेक्यात टाळ्या वाजवल्यात, ते आमच्या मृदंगवाल्या चैतरामला अजून आठवतं. हट्ट्याला देवीच्या लशीची सुई कोणी टोचून घेईना, तेव्हा आपण गोदाबाईंना पुढं केलंत. गोदाबाई म्हणाल्या, "आधी सोताले टोचा, मंग मले." आपण सगळ्या गावासमोर बाही वर केलीत आणि कंपाउंडरला म्हणालात, "टोच." त्या दिवशी साऱ्या हट्ट्यानं लस घेतली. अशी माणसं शासनात किती असतात? मला फार माहीत नाहीत.

समितीचं म्हणणं आपण ऐकलंत आणि म्हणालात, नियम माझ्या हातात नाही, पण लेखणी आहे. मग ज्याच्याकडे दाखला नाही त्याच्या चिठ्ठीवर आपण 'तातडीचे' असं लिहू लागलात. तातडीच्या रोग्याला दाखला नंतर आणला तरी चालतो. दीड वर्ष बालाघाटात कोणी साधा आजारी पडलाच नाही, सगळे तातडीचेच. हसू नका, कितीतरी घरं त्या शब्दामुळं उभी आहेत. मग तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, खरूज तातडीची कशी? आपल्याला वरून पत्र आलं, आणि आपण लिहिणं थांबवलंत. मी तेव्हा आपल्याकडे आले होते, थोडी रागावूनच. आपण म्हणालात, "उमाबाई, मी लिहिलं की वरचे विचारतात, नाही लिहिलं की तुम्ही विचारता. मी घरी जाऊन कोणाला विचारू?"

काल आम्ही जे करता येईल ते केलं. पाद्रीसाहेबांनी लिहून दिलं की ही बाई गरजू आहे. हाफिजजींनी लिहून दिलं. जैन मंदिराच्या शेठजींनी लिहून दिलं. देवीच्या भजन मंडळातर्फे गोदाबाईंनी अंगठा केला. चार देवांच्या दारातले चार कागद घेऊन मी खिडकीशी गेले. खिडकीतल्या खेमराज बाबूंनी ते नीट वाचले, एकाखाली एक लावले, आणि मला विचारलं, "बाई, इन सब में पटवारी कौन है?"

त्यांचंही चुकलं नाही. त्या 'तातडीच्या' चिठ्ठ्यांपायी त्यांची चौकशी आधीच चालू आहे. मी कागद घेऊन परत आले.

काल आपण स्वतः दुर्गाला तपासलंत. नाडी पाहिलीत, पायावर बोट दाबून पाहिलंत, औषध दिलंत. आपला चेहरा मी पाहिला. आपण म्हणालात, कळा सुरू झाल्या की लगेच आणा, तेव्हा मला तातडीचं म्हणता येईल. आणि हे बोलताना आपण माझ्याकडे पाहिलं नाही. कळा सुरू झाल्यावर उशीर होऊ शकतो, हे आपल्याला नर्सबाईंपेक्षा जास्त कळतं. आज सकाळी वहिनींनी धर्मशाळेत रजई पाठवली. भोपाळला न्यायला बांधलेल्या सामानाचा दोर सोडून त्यांनी ती काढली. वहिनी, मैनाबाईनं तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे. दुर्गाला ऊब मिळाली.

आपण भोपाळला जाताय, मोठ्या जागेवर. आमचा विचाराधीन कागद तिथंच कुठंतरी असेल. तो शोधा, असं मी म्हणणार नाही, बदलीवर गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी खुर्चीसुद्धा सापडत नाही. आपलं कल्याण होवो. आपल्या हाताला यश येवो. आपण तीन वर्षं आम्हाला माणसासारखं वागवलंत, त्याबद्दल या सभागृहातल्या सर्व धर्मांच्या सर्व लोकांतर्फे मी आपले आणि वहिनींचे मनापासून आभार मानते. ज्यांनी हार आणले, सतरंज्या घातल्या, चहा केला, त्यांचेही. मी वेळ जास्त घेतला, आनंदाच्या दिवशी अवघड बोलले, एखादं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर पदर पसरून क्षमा मागते.

आणखी एकच. समितीचा ठराव आहे की आपण एकासाठी मागायचं नाही, सगळ्यांसाठी मागायचं. तो ठराव मीच लिहिला होता. हाफिजजी, पाद्रीसाहेब, गोदाबाई, मला माफ करा, मी तो आज मोडते आहे.

डॉक्टरसाहेब, सोमवारी दुपारपर्यंत दवाखान्याचा कारभार आपल्या हातात आहे. सभा संपली की घरी जाण्याआधी धर्मशाळेवरून चला. दुर्गाला मोठ्या वॉर्डात घ्या. 'तातडीचे' लिहू नका, नियमाच्या लेखी जे खोटं ठरेल ते लिहायला मी सांगत नाही. 'दाखला नाही, तरी घेतले' एवढंच लिहा आणि खाली आपली सही करा. त्या सहीचं आपल्याला काय मोल पडेल ते मला माहीत आहे. आपल्याला दोन मुली आहेत, आणि पुढच्या जागेचा हुकूम अजून पक्का नाही, हेही माहीत आहे. म्हणून आपण नाही म्हणाल. हात जोडून, अगदी हळू आवाजात, पण नाहीच म्हणाल.

तरी सायकलरिक्षा मी फाटकाशी थांबवून ठेवली आहे.